पैनगंगेच्या काठावरचे बर्फाचे ओरखडे

वणी तालुक्याच्या कोपऱ्यात, जुगादजवळ, पैनगंगा वर्धेला मिळते. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नदीचे पात्र आक्रसते आणि उघड्या पडलेल्या कातळावर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. याच संगमाच्या परिसरात, आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या इरई गावापाशी, फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाला दीडशे वर्षांपूर्वी चुनखडीचा एक कातळ दिसला. त्याचा माथा घासून गुळगुळीत झाला होता आणि त्यावर लांबच लांब, सरळ, एकमेकींना समांतर अशा रेघा कोरलेल्या होत्या. फेडनने १८७५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्यावर छोटे टिपण लिहिले. त्या रेघा बर्फाने ओढल्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते.

वऱ्हाडच्या सीमेवर बर्फ! तोही हिवाळ्यात एखाद्या रात्री साचून सकाळी वितळणारा नव्हे, तर खालचा खडक खरवडत पुढे सरकणारा.

हे ओळखायचे कसे? नदीही दगड घासते, पण ती सरळ रेघा मारत नाही. पाण्यात गोटे गडगडतात, आपटतात, सगळ्या बाजूंनी गोल होतात. शिवाय पाणी निवड करते. जड गोटे आधी टाकते, वाळू पुढे नेते, गाळ त्याच्याही पुढे. हिमनदी निवड करत नाही. तिच्या तळात गोठून बसलेले दगड वरच्या बर्फाच्या प्रचंड भाराखाली खडकावर दाबले जातात आणि बर्फ सरकेल तसे त्याच दिशेने रेघ ओढत जातात. बर्फ वितळला की मोठे धोंडे, खडे आणि बारीक पीठ असे सगळे एका जागी पडते. इरईला गुळगुळीत कातळावर नेमका असाच सरमिसळ थर बसलेला होता. त्यातले काही धोंडे स्वतःही घासलेले, रेघा पडलेले होते.

अशा थराविषयीची शंका जुनी होती. विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ आणि त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड यांनी १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरजवळचा असाच थर पाहून बर्फाचे नाव घेतले होते. पण उष्ण कटिबंधात हिमनदी ही गोष्ट पचणे अवघड होते आणि घासलेला मूळ कातळ कोणी दाखवलेला नव्हता. तो इरईने दाखवला. त्या काळी कोळशाच्या शोधात सर्वेक्षणाची माणसे वर्धेचे खोरे पालथे घालत होती. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा ग्रंथ १८७७ चा. इंजिनांना इंधन हवे म्हणून निघालेल्या या माणसांच्या हाती पृथ्वीचा एक असा पुरावा लागला की त्याचा अर्थ लावायला पुढची ८०–९० वर्षे गेली.

विज्ञानाने माणसाची स्वतःविषयीची समजूत कशी बदलली हे सांगताना सिग्मंड फ्रॉइड यांचे १९१७ चे विवेचन हमखास आठवते. माणसाच्या अहंकाराला तीन धक्के बसले, असे ते म्हणाले. कोपर्निकसने पृथ्वी विश्वाच्या केंद्रातून हलवली, डार्विनने माणसाला प्राण्यांच्या कुळात बसवले आणि तिसरा धक्का त्यांच्या स्वतःच्या मानसशास्त्राचा, माणूस आपल्या मनाचाही धनी नाही हा. या यादीत एक मोठी गोष्ट राहून गेली, हे पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. ती गोष्ट म्हणजे काळाची अथांग खोली. मला गूल्ड यांचे म्हणणे पटते. मी तर पुढे जाऊन म्हणेन की या चारांत हाताने स्पर्श करता येईल असा धक्का हा एकच आहे, आणि त्यासाठी वणीसारखी जागा शोधून सापडणार नाही.

युरोपात सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलातल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला होता. सहा हजार वर्षांच्या त्या जगात माणूस जवळजवळ पहिल्या आठवड्यापासून हजर होता. जगाचा इतिहास म्हणजे माणसाचाच इतिहास. १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी आडव्या थरांखाली उभे झालेले थर दाखवले आणि विचारले की खालचे थर साचायला, कडक व्हायला, उचलले जायला, झिजायला आणि मग वरचे थर साचायला किती काळ लागला असेल? त्यांना उत्तरात कुठेच आरंभ दिसेना. डार्विनला हाच काळ हवा होता. बारीक बारीक बदल साठून नव्या जाती तयार व्हायच्या तर कोट्यवधी वर्षे हवीत. लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वी किती वेगाने निवते याचे गणित मांडून तिचे वय काही कोटींवर आणले, तेव्हा डार्विन खरोखर अस्वस्थ झाला होता. शेवटी किरणोत्सर्गाने प्रश्न सोडवला. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले.

इथे मराठी वाचकाच्या मनात कल्प येणारच. पुराणांच्या हिशेबात ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. घरात पूजेला बसलेला माणूस संकल्पात या कल्पाचा उच्चार करतो, म्हणून आपल्याकडे मोठ्या आकड्यांची भीती नव्हती, आणि याचा मला मनापासून आनंद वाटतो. पण दोन आकडे जवळ आले म्हणून ते एकाच वाटेने आले असे होत नाही. कल्पाचा आकडा युगांच्या गुणाकारातून आला. पॅटरसनचा आकडा दगडातून आला आणि कोणीही पुन्हा मोजून तो तपासू शकतो, चुकीचा ठरवू शकतो. क्रांती आहे ती या तपासता येण्यात.

आता वणीच्या जमिनीकडे बघू. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा आहे. वणी-झरीकडे सरकले की बेसॉल्टचे पांघरूण झिजून संपत जाते आणि खालचे जुने खडक वर डोकावतात. सगळ्यांत खाली चुनखडी, जिच्यावर मुकुटबनचा सिमेंट उद्योग आणि राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. ही चुनखडी एका समुद्राच्या तळाशी साचली. तिच्यात शंख-शिंपले शोधू नयेत, कारण ती साचली तेव्हा पृथ्वीवर कवचाचे किंवा हाडांचे प्राणीच नव्हते. इरईला बर्फाने घासलेला कातळ याच चुनखडीचा. तिच्यावर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा हिमनदीचा थर, त्याच्यावर कोळसा आणि वालुकाश्म, आणि सगळ्यांत वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चुनखडी आणि बर्फ यांच्यामध्ये कोट्यवधी वर्षे अशी गेली की त्यांचा एक थरही इथे शिल्लक नाही. इरईच्या कातळावर बोट ठेवले तर ती सगळी रिकामी वर्षे बोटाखाली येतात.

बर्फ हटला आणि जंगल आले. वर्धा खोऱ्यातला कोळसा त्या जंगलाचा, साधारण २८–२९ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले मुख्य झाड ग्लोसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ ब्रोन्यार यांनी १८२८ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून त्याला हे नाव दिले. आपल्याकडे ही पाने गोळा करण्याचे मोठे काम नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी केले. कामठी, सिलेवाडा इथल्या दगडांतून त्यांनी पाने जमवली, आणि मांगलीला सापडलेली एका प्राचीन उभयचराची कवटी इंग्लंडला धाडली. रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. दगडांबरोबरच हिस्लॉप गोंडांच्या कथाही लिहून घेत होते. लिंगोची कथा, जिच्यात कोंडलेल्या गोंडांची सुटका होते, ती त्यांच्या कागदांतून १८६६ मध्ये छापली गेली. तोवर ते जिवंत नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. माणसे कुठून आली हा प्रश्न एकाच झोळीत दोन्ही बाजूंनी भरणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

कोळशाच्या या थरांना सर्वेक्षणाच्या हेन्री मेडलिकॉट यांनी गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवाना म्हटले. ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांना तेच पान आफ्रिकेतही दिसले, तेव्हा १८८५ मध्ये त्यांनी भारत आणि आफ्रिका यांना जोडणाऱ्या एका बुडालेल्या भूमीची कल्पना मांडून तिलाही गोंडवाना हेच नाव दिले. वणी, मारेगाव, केळापूर, झरी जामणी या तालुक्यांत आजही गोंड आणि कोलाम राहतात. त्यांच्यातल्या एका समाजाच्या मुलखाचे नाव पृथ्वीच्या इतिहासातल्या एका अख्ख्या भूमीला लागले आहे, हे इथल्या किती शाळांत सांगितले जात असेल, कोण जाणे. सांगितले पाहिजे.

मग १९१२ चे साल उजाडते. ६ जानेवारीला फ्रँकफुर्टमध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी व्याख्यान दिले की खंड सरकतात. महिनाभराने, ८ फेब्रुवारीला, दक्षिण ध्रुवावरून परतणारा कॅप्टन स्कॉटचा चमू बिअर्डमोर हिमनदीशेजारी दगड गोळा करायला थांबला. अन्न संपत आले होते, पाय गारठून निकामी होत होते, आणि तरी त्यांनी सुमारे १६ किलो दगड घसरगाडीवर चढवले. पाचही जण वाटेत मरण पावले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा तंबू सापडला तेव्हा दगड तिथेच होते. त्यांत ग्लोसॉप्टेरिसची पाने होती. वर्धेच्या खोऱ्यातले पान अंटार्क्टिकात! त्या झाडाच्या बिया जड, वाऱ्यावर महासागर ओलांडतील अशा नव्हत्या.

वेगेनरने हे सगळे धागे एकत्र आणले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत या चारही ठिकाणी एकाच काळातल्या बर्फाच्या खुणा आहेत. खंड आज जिथे आहेत तिथेच होते असे मानले तर बर्फाने जवळजवळ अर्धी पृथ्वी झाकली असली पाहिजे, आणि त्याच काळात युरोप-अमेरिकेत उष्ण दलदलीतली जंगले वाढत होती. ब्राझीलमध्ये तर बर्फ अटलांटिक समुद्रातून किनाऱ्यावर चढल्यासारखा दिसतो. खंड एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले की सगळे कोडे एका बर्फाच्या टोपीखाली मावते. म्हणजे इरईला बर्फ आला नव्हता, इरईच बर्फापाशी होती.

हे वाक्य मला आजही हादरवते. आपण गावाला स्थिर धरतो. सात-बारावर गट नंबर असतो, चतुःसीमा असतात, पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन. आणि ती जमीन दक्षिण ध्रुवाच्या बाजूने निघून विषुववृत्त ओलांडून इथवर आली. अजूनही थांबलेली नाही. भारत आज वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. ८० वर्षे एका घरात काढलेला माणूस मरतो तेव्हा ते घर त्याच्या जन्माच्या जागेपासून सुमारे ४ मीटर दूर गेलेले असते.

वेगेनरवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही, कारण खंड हलवणारे बळ त्यांना दाखवता आले नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा मृत्यू झाला. पुढचा पुरावा पुन्हा आपल्याच दगडाने दिला, या वेळी काळ्या बेसॉल्टने. लाव्ह्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. तो निवत असताना हे कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने स्वतःला बांधून घेतात. हे क्षेत्र विषुववृत्तावर आडवे असते आणि ध्रुवांकडे जावे तसे तिरके होत जाते. म्हणजे दगडातला तिरकेपणा मोजला की तो कोणत्या अक्षांशावर निवला ते कळते. केंब्रिजच्या एडवर्ड अर्व्हिंग या तरुण विद्यार्थ्याने १९५० नंतर लगेचच दख्खनच्या बेसॉल्टचे नमुने मागवून हे मोजले. उत्तर आले की हा दगड विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला निवला आणि तिथून सुमारे सहा हजार किलोमीटर उत्तरेला आला. खंड सरकतात हे चुंबकत्वाने तपासण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. अर्व्हिंगचा प्रबंध परीक्षकांनी नाकारला. पण क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ मध्ये, आणि डॉइच यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांच्यासह १९५९ मध्ये दख्खनच्या दगडांचे मोजमाप प्रसिद्ध केले आणि चित्र पक्के होत गेले. समुद्रतळ पसरतो हे १९६० च्या दशकात सिद्ध झाल्यावर तर वादच मिटला.

बेसॉल्ट हा दगड आपण गिट्टी म्हणून ओळखतो. घरांचे पाये, रस्ते, विहिरी सगळे त्यातच. त्याची झीज होऊन कपाशीची काळी माती झाली. पाणी धरून ठेवणारी, पावसात फुगणारी माती. काही वर्षांपूर्वी झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डी परिसरात रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे षटकोनी खांब उघडे पडले. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते काय आहे हे लोकांपुढे आणले. कोणी घडवले असावेत असे ते दिसतात, पण ते निवण्याचे भौतिकशास्त्र आहे. जाड लाव्हा वरून आणि खालून थंड होतो, आकसतो आणि तडकतो. चैत्र-वैशाखात काळे रान जसे भेगाळते तशीच ही तडक, फक्त लाव्ह्यात ती निवत्या पृष्ठभागापासून आत आत उतरत जाते आणि खांब मोकळे होतात. आकसण्याचा ताण सगळ्या बाजूंना सारखा असला की सहा बाजूंचा आकार सर्वांत सोयीचा ठरतो. हे खांब गिट्टी होण्याआधी जपले जावेत, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

हा लाव्हा बाहेर पडत असतानाच डायनोसॉर संपले. वर्धेच्या पलीकडे, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला त्यांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विष्ठा तपासली आणि २००५ मध्ये जगाला चकित केले. तिच्यात गवताचे सिलिकाकण होते. गवताचे पाते बोट कापते ते याच सिलिकामुळे, आणि पाते कुजले तरी हे कण उरतात. तोवर असे मानत की डायनोसॉर गेल्यावर कितीतरी काळाने गवताचा पसारा वाढला. पिसदुऱ्याच्या प्राण्यांनी मात्र भात आणि बांबू यांच्या नात्यातले गवत खाल्ले होते. ज्वारी, गहू, तांदूळ ही सगळी गवतेच. ज्या कुळावर आपली भाकरी उभी आहे ते कुळ आपल्या कितीतरी आधी इथे होते, आणि त्याला खाणारेही होते. सस्तन प्राणी तेव्हा बहुतेक लहान, बुजरे. मोठ्या प्राण्यांच्या जागा रिकाम्या झाल्या नसत्या तर त्यांच्यातून पुढे माकडे आणि माणसे झालीच असती, असे कोणीही ठामपणे म्हणू शकत नाही.

त्या जागा कशाने रिकाम्या झाल्या? लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ यांनी १९८० मध्ये उल्कापाताची कल्पना मांडली. पुढे मेक्सिकोतले चिक्शुलुबचे विवर सापडले आणि उल्केचे पारडे जड झाले. पण दख्खनचा लाव्हा आणि त्यातून सुटलेले वायूही त्याच काळातले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकाने एकाच अंकात दोन गटांचे शोधनिबंध छापले. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने अर्गॉनच्या पद्धतीने लाव्ह्याचेच वय काढले. ब्लेअर शोएन यांच्या गटाने लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या झिरकॉनच्या कणांतले युरेनियम आणि शिसे मोजले. दोघांचेही नमुने दख्खनचे. एकाच्या हिशेबात लाव्ह्याचा बराच मोठा भाग उल्केनंतर बाहेर आला, दुसऱ्याच्या हिशेबात त्याचा एक प्रचंड लोंढा उल्केच्या थोडाच आधी. हा फरक फार तर काही दहा हजार वर्षांचा, साडेसहा कोटी वर्षांच्या अंतरावरून मोजलेला. माणसाला वाट कोणी मोकळी करून दिली, आकाशातून आलेल्या दगडाने की आपल्या काळ्या मातीच्या आईबापाने, यावर अजून वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजू पुढच्या नमुन्यांसाठी याच दगडाकडे येत आहेत.